सुभेदारांच्या गॅरेजमधला जंतू

आमच्या लॅबमध्ये जंतू चोवीस तासांत वाढतात. किस्से त्याच्याही आधी! जंतूंवर निदान झाकण तरी ठेवता येतं.

मी सांगलीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पीएचडी करते. लेक बारावीत आहे. ती म्हणते, "आई, आपल्या दोघींत आधी कोण पास होतंय बघू!"

*

विषय, तेल खाणारे जंतू. त्यासाठी साताऱ्याजवळच्या एका गॅरेजची माती आणायला गेले. मालक रिटायर्ड सुभेदार. वर्षानुवर्षं ट्रकचं काळं तेल प्यायलेली ती माती मी चमच्यानं डबीत भरतेय, आणि सुभेदार कमरेवर हात ठेवून बघतायत.

"मॅडम, सांगलीतली माती संपली व्हय?"

जंतूचं सांगितलं, तर दचकलेच. "तेल खातोय? मग गाड्यांपास्नं लांब धरा!"

*

घरी सासूबाई मात्र खूश. "वाटीभर आण गं. एक्झॉस्ट फॅनवर सोडू. तुझ्या पीएचडीचा घराला काहीतरी उपयोग!"

*

आमचे गाइड सर मूळचे साताऱ्याचे. कुणी "सर, नवीन जंतू सापडला!" म्हणत गेलं की ते वर न बघता म्हणतात, "नवीन नसतो. तुम्ही भांडी नीट धुतलेली नसतात."

मलाही चारदा म्हणाले. त्यातलं तीनदा खरं निघालं.

चौथ्यांदा डीएनएचा रिपोर्ट आला. कुठल्याच ओळखीच्या जातीशी जुळेना! सरांनी रिपोर्ट उलटसुलट वाचला. दोन चहा झाले. मी तेवढ्यात सुभेदारांना फोन करून टाकला, "तुमच्या मातीत नवीन जात निघाली! परत एकदा येऊन जाईन."

तिसऱ्या चहाला सर म्हणाले, "नावात सातारा हवा. माती साताऱ्याची."

"वाढवला कुणी? सांगलीनं!"

लॅबचे मुल्लाणीमामा परीक्षानळ्या पुसत होते. "मॅडम, माहेर सातारा, सासर सांगली. आता आडनाव कुणाचं लागतंय, ते तुमीच सांगा."

वीस वर्षं माहेरचं आडनाव लावणारी मी काय सांगणार!

*

नवीन जात मान्य व्हायची तर जंतू जिवंत असा दोन जंतू-बँकांत जमा करावा लागतो. नाहीतर नाव नाही, माझा प्रबंधही नाही. पार्सल सोमवारी जाणार होतं.

शनिवारी कॉलेज तपासायला कमिटी! मी मुल्लाणीमामांना म्हटलं, "मामा, फ्रीजपासून सिंकपर्यंत सगळं चकाचक पाहिजे." मामांनी फ्रीजमधल्या बिनलेबलच्या सगळ्या नळ्या उकळून, धुऊन, ओळीत लावल्या. माझा जंतू त्यातच होता; लेबलं लावायची माझी राहिली होती.

कमिटीनं स्वच्छतेचा खास उल्लेख केला.

*

पुन्हा माती आणायला पहिली गाडी पकडून सातारा गाठलं. गॅरेजमध्ये शिरले. मातीच्या जागी गुळगुळीत सिमेंटचा कोबा!

"सुभेदार, हे काय केलंत?"

"आवं, तुमी परत येणार म्हणला व्हता न्हवं? लेडीज माणूस येणार, पाय कशाला तेलात!"

मी टायरवरच बसले. तीन वर्षं गेली म्हटलं.

सुभेदार आत गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. काळी माती, काठोकाठ.

"खणलेली टाकली न्हाई. नवी जात म्हणला व्हता, उपाशी मराय नको. रोज अर्धा कप जुनं तेल घालतोय."

म्हणजे जंतू जिवंत! मी डबा मांडीवर घेतला. "रोज घालता?"

"रोज. फकस्त संकष्टीला न्हाई. त्या दिवशी घरात सगळ्यांचाच उपास असतोय."