आईचं ‘ठीक आहे’ ओळखणारे डॉक्टर

आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला आमच्या शहरातल्या गोरखपूर बाजारात गेले होते. औषधवाल्याने पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, "दीदी, आपको पता नहीं? आसोलकर साहब नहीं रहे. आज सवेरे..." गोळ्या तिथेच विसरून मी घरी आले. आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, परवा तर ते येणार होते." मग तिने गॅस बंद केला. त्याला आता महिना होत आला.

आसोलकर डॉक्टरकाका आमच्या नात्यातले नव्हते, पण घरातल्या प्रत्येकाची नाडी आणि प्रत्येकाची लबाडी त्यांना ठाऊक होती. बारावीत रोज सकाळी माझं पोट दुखायचं. बाबांना अपेंडिक्सची धास्ती. काकांनी पोट दाबलं, जीभ पाहिली आणि बाबांनाच दटावलं, "दुखणं पोटात नाही, फिजिक्समध्ये आहे. काहून पोरीच्या मागे लागून राहिले तुम्ही?" पोट बरं झालं, फिजिक्स काही आलं नाही. धाकट्या भावाची कावीळ तर त्यांनी लग्नाच्या पंगतीत ओळखली, तो जिलेबी नको म्हणाला तेव्हा त्याचे डोळे पाहून. बाबांच्या शेवटच्या आजारात मोठ्या दवाखान्यातले रिपोर्ट घेऊन आम्ही त्यांच्याकडेच धावलो. सगळे वाचून ते म्हणाले, "आता घरी आणा त्यांना. त्यांना घरीच राहायचंय..." असं सांगायला नुसती डिग्री पुरत नाही. बाबा घरीच गेले, आईचा हात धरून. काकांचे हे उपकार मी विसरणार नाही.

आता आईची पाळी आहे, आणि काका नाहीत. ती सुकत चालली आहे, एवढं मला कळतं. गेल्या आठवड्यात तिला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, वागायला चांगला, पण नजर स्क्रीनवर. "अम्मा, क्या तकलीफ है?" आई म्हणाली, "कुछ नहीं बेटा, सब ठीक है." त्याने ते खरं मानलं. त्याने तरी काय करावं? बाहेर सिहोऱ्याहून पहिल्या बसने आलेली माणसं ताटकळत होती. रिपोर्टही वयोमानाप्रमाणे. पुण्याहून भाऊ फोनवर सांगतो, "स्पेशालिस्टला दाखव." कोणत्या रे? शहरभर पाट्या वाचत हिंडले मी. हृदयाचे आहेत, हाडांचे आहेत, किडनीचे आहेत. आईचा कोणी नाही. आणि उद्या एखादा भला डॉक्टर मिळालाच, तरी तिला ओळखायला त्याला वर्षं लागतील. तेवढी वर्षं आता तिच्याकडे नाहीत.

काका तिला ‘काय होतंय’ असं कधी विचारतच नसत. खिडकीजवळच्या खुर्चीत टेकले की म्हणायचे, "वहिनी, पाणी द्या बरं." ती पाणी आणायची, ते घोटभर प्यायचे आणि औषध लिहायचे. आईला वाटायचं, माणसाला तहानच फार. एकदा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "तहान कुठली? त्या चालतात कशा, थांबतात कुठे, ते पाहून राहिलो मी."

काल संध्याकाळी मी त्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, "आई, पाणी देतेस?" ती उठली. दाराशी थांबली. फ्रिजला हात टेकून उभी राहिली. पेला अर्धाच भरला होता, तरी पदरावर सांडला.

"अशी काहून पाहून राहिली?" ती म्हणाली. "ठीक आहे मी."

काकांना त्यातून काय ते कळलं असतं. मला नुसतं दिसलं.