तहवोच्या इंजिनाची कॉफी

सुलो लास्सिलाला तहवोचं इंजिन डोळ्यासमोर नको असे. यात इंजिनाचा दोष काडीचा नव्हता. एका सिलिंडरचं जुनं धूड, ठप-ठप करत आमचं फिनलंडातलं सायमा सरोवर कापत यायचं आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोष होता तो कॉफीचा.

आमच्या किनाऱ्यावर रीत अशी, की भूशिराआडून नावेचा आवाज आला की घरची बाई चुलीवर कॉफी चढवते. नाव धक्क्याला लागते तेव्हा किटली उतरलेली असते. कुणाचं इंजिन खोकतं, कुणाचं अडखळतं, हे बायकांना पाठ. तहवो हा लाकडाचे तराफे ओढणाऱ्या बोटीवरचा निवृत्त इंजिनवाला, वर विधुर, वर बोलका. त्याच्या ठप-ठपवर सुलोच्या घरी किटलीच नाही, वेलदोड्याचे पावही ओव्हनमध्ये जात. हेल्मी, म्हणजे सुलोची बायको, एप्रनसुद्धा बदलायची. निदान सुलोचं तसं म्हणणं होतं.

सुलो सुतार. त्याची शिडाची नाव त्याने स्वतः बांधलेली, दोन हिवाळे खपून. लग्नाआधी याच नावेत हेल्मी पुढच्या शिडाची दोरी धरून बसायची. एकदा वारा पडला आणि दोघं तीन तास एका बेटाशी अडकली. मासे भरलेली राय धान्याची भाकरी खात हसली, आणि परतीला वल्हं मारायचं कुणालाच सुचलं नाही. ती आठवण सुलो अजून चघळतो. पण शिडाला आवाज कसला? तो घरी यायचा तेव्हा चूल थंड.

लग्नानंतरची एकतीस वर्षं थंड. शेवटी त्या उन्हाळ्यात सुलोने मनाशी काही ठरवलं. तहवोचं इंजिन ज्या जातीचं, त्याच जातीचं एक त्याने दूरच्या गावी हुडकलं, पलीकडच्या किनाऱ्यावर चुलतभावाच्या नावघरात एका जुन्या होडक्यात बसवलं, आणि ठप-ठप अगदी तहवोसारखी येईपर्यंत आठवडाभर स्क्रू पिळत बसला. हेल्मीला पत्ता नाही.

शनिवारी तहवो बसने शहरात गेल्याची खात्री करून सुलो निघाला. भूशिराला वळसा घालतो तोच त्याच्या घराच्या धुराड्यातून धूर. "घाल, घाल लाकडं," तो दातांखाली पुटपुटला. धक्क्यावर हेल्मी उभी. निळा रुमाल, स्वच्छ एप्रन.

"तू होय," ती म्हणाली.

"कोण हवा होता?"

"तहवो. आवाज त्याचा होता."

"मी येतो तेव्हा चूल का पेटत नाही गं?"

"तू येतोस हे कळतं कुठे? चोरासारखा येतोस. परवा मी केस सोडून सौनाच्या पायरीवर बसले होते, मागे वळते तर तू."

"आणि एप्रन? तो का बदललास?"

"तहवो पाव खातो आणि चांगला झालाय म्हणतो. तू कधी म्हणालास?"

सुलो आता जास्तच बोलला. "पूर्वी माझ्याबरोबर नावेत यायचीस. आता तहवोची वाट बघतेस."

हेल्मीने हात कमरेवर ठेवले. "मी यायची थांबले? सरोवरावरच्या शर्यतीला तू त्या काडीसारख्या पोस्टमनला घेतलंस. 'हेल्मी, तू बसलीस की नाव मागून बसते.' कोण म्हणालं होतं? तेरा वर्षं झाली. शर्यतीत आलास सातवा."

सहावा, असं सुलोच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि होडक्यातली फळी बाहीने पुसली. "ये. हे मागून बसत नाही."

हेल्मी घरात गेली. मग पावांची टोपली घेऊन उतरली, पुढे तोंड करून बसली, आणि ठप-ठप करत दोघं निघाली. पाणी सपाट होतं. सुलोला ते बेट आठवलं, आणि काही बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

"तो धूर बघ," हेल्मी म्हणाली.

शेजारच्या लेम्पीच्या घराचं धुराडं धुरावलं होतं. पुढच्या वळणाला ऐराचं. त्यापुढे दोघी बहिणी राहतात त्यांचं, आणि ते तर दोन्ही चुलींचं. ऐरा धक्क्यावर हातात कप घेऊन उभी होती, केसांना नवी पिन. होडक्यात सुलोला बघताच तिने कप पाठीमागे नेला.

"ऐरासुद्धा," हेल्मी म्हणाली. "तहवो मला सांगतो, तुझ्या हातची कॉफी प्यायली की दिवसभर दुसरी घ्यावीशी वाटत नाही."

सुलो मनातून असा खूष झाला की सांगता सोय नाही. पण त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुषी अर्धी राहिली. तिचे गाल लाल झाले होते, डोळे बारीक. इतकी वर्षं सुलोसाठी ती कधी अशी धुमसली नव्हती. पोस्टमनच्या वेळीसुद्धा नाही. नवऱ्याच्या होडक्यात बसून बाई दुसऱ्यापायी जळत होती, आणि ते होडकं हाकत होता नवरा.

"घरी वळवू?" त्याने विचारलं.

"नको. पुढे घे," हेल्मी म्हणाली. "पुढच्या घरी, हिल्माकडे काय शिजतंय ते बघू दे मला."