दोन कानांचा हेडफोन

बिल्डिंगमध्ये तिला सगळे शिष्टबाई म्हणतात. जिन्यात कुणी "काय, बरंय ना?" म्हणालं, तर ही आपली खुशाल पुढे. एकदा शेजारीण लिफ्टमध्ये हिच्या उजव्या बाजूला उभी राहून सुनेबद्दल मन मोकळं करत होती, अगदी डोळ्यांत पाणी आणून, आणि शिष्टबाई मजल्यांचे आकडे बघत उभ्या. त्या दिवसापासून शेजारणीने बोलणं टाकलं.

खरी गोष्ट एवढीच, की बाईंचा उजवा कान लहानपणीच्या तापात गेला तो गेलाच. लग्नाआधी आईने बजावलं होतं, कुणाला सांगशील तर याद राख. तिने ते इतकं मनावर घेतलं, की नवऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नाही. बहिरी म्हणून लोकांनी कीव करायची, त्यापेक्षा शिष्ट म्हणून नावं ठेवू देत. रस्त्याने चालताना ती सोबतच्या माणसाच्या उजव्या हाताला राहते. जेवायला बसताना उजवीकडे भिंत येईल ती खुर्ची धरते. इतकी वर्षं हे निभावणं म्हणजे काय खायचं काम आहे? पण निभावलं.

काम घरबसल्या. एका विमा कंपनीकडे तक्रारींचे फोन येतात, ते रेकॉर्ड होतात, आणि ही ते ऐकून टाइप करते. ग्राहक काय म्हणाला, ऑफिसातला माणूस काय म्हणाला, शब्दन् शब्द. कंपनीने दिलेला हेडसेट एकाच कानाचा होता. तो डाव्या कानाला अडकवला की झालं. तिच्याइतकं भरभर काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं, आणि त्याचा तिला भारी अभिमान.

तर त्या हेडसेटची वायर तुटली. कंपनीने कळवलं की यापुढे आम्ही काही देणार नाही, ज्याचा त्याने घ्यावा, आणि घ्यायचा तो दोन्ही कान झाकणाराच. कामाचा दर्जा वाढावा म्हणून. म्हणजे दर्जा यांचा वाढणार आणि खिसा हिचा रिकामा होणार. वर पुन्हा उपकार केल्यासारखी भाषा.

मग धाकटे दीर सरसावले. घरात मिक्सर घ्यायचा असो की पंखा, भाऊजींचा सल्ला न मागता मिळतो. "वहिनी, तुम्ही यात पडू नका," म्हणत त्यांनी मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. कुणी म्हणे हा घ्या, कुणी म्हणे याच्याइतका भिकार हेडफोन जन्मात पाहिला नाही, आणि गंमत म्हणजे हेडफोन एकच. "आधी बेस बघायचा, ढोल कसा घुमतो ते," भाऊजी म्हणाले.

"मला काय तक्रारदारांच्या तालावर नाचायचंय?" ती म्हणाली.

दुकानातही तीच तऱ्हा. विक्रेत्याने जो हेडफोन डोक्यावर चढवला, त्यात ढोलच ढोल. माणसाचं बोलणं कसं ऐकू येतं ते ऐकवा म्हटलं, तर तो हिच्याकडे असा बघायला लागला की ही बाई इथे आलीच कशाला. पण शिष्टबाई हलायला तयार नाहीत. चष्म्याच्या काड्या कानामागे रुतणारा परत दिला. जड होता तो परत दिला. चार्जिंगवाला नको म्हणाली, ऐन कामात मान टाकायचा. भाऊजी महागातल्याकडे बोट दाखवत राहिले आणि हिने मधल्या किमतीतला, मऊ गाद्यांचा, साध्या वायरचा घेतला. बातम्या लावून ऐकल्या, बोलणं स्वच्छ होतं. निवड चोख होती, त्यात तिळमात्र खोट नव्हती.

घरी येऊन पहिल्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. ग्राहक म्हणाला, "माझ्या गाडीचे पैसे कधी मिळणार?" पुढे शांतता. ग्राहकाने पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता. तिला ग्राहकाची दया आली आणि ऑफिसातल्या माणसाचा असा राग आला, की ती मोठ्याने म्हणाली, "अरे, तोंड उघड ना मेल्या."

मग तिच्या डोक्यात काहीतरी आलं. तिने हेडफोन उलटा घातला. आता ऑफिसातला माणूस अगदी अदबीने बोलत होता आणि ग्राहक गप्प होता. रेकॉर्डिंगच तसं होतं. एकाचा आवाज एका कानात, दुसऱ्याचा दुसऱ्यात. जुन्या हेडसेटला कानच एक, म्हणून दोघंही त्यातच यायचे.

सांगायचं कुणाला? तिने प्रत्येक फोन दोनदा ऐकायला सुरुवात केली, एकदा सुलटा, एकदा उलटा, आणि मग दोघांची भांडणं जुळवत बसायची. मान दुखायला लागली, काम रखडलं. भाऊजी जेवताना म्हणाले, "वहिनींना काही पसंतच पडत नाही. तरी मी सांगत होतो, महागातला घ्या." तिने पळी पातेल्यात अशी आपटली की आमटी भाऊजींच्या शर्टावर गेली. पुसायला फडकंही दिलं नाही.

आणि एका सकाळी सुपरवायझर मॅडमचा फोन आला. "तुमचं काम निम्म्यावर आलंय. पुढच्या आठवड्यापासून मी ते दुसरीला देते."

नवरा तिथेच पेपर वाचत बसला होता. क्षणभर तिने त्याच्याकडे पाहिलं. पण काम जाणार म्हटल्यावर तिचा धीर सुटला. "मॅडम, मला उजव्या कानाने ऐकू येत नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून. तुमच्या दोन कानांच्या हट्टापायी मी सगळं दोनदा ऐकतेय."

"अहो, मग आधी नाही का बोलायचं?" मॅडम म्हणाल्या. "कंप्युटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजू एकत्र करायचं बटण असतं."

होतं. दाबलं. ग्राहक आणि ऑफिसातला माणूस दोघेही तिच्या डाव्या कानात तंडायला लागले. तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो संताप. एका बटणाची गोष्ट, आणि तेवढ्यासाठी मान मोडून घेतली. दुकानदार बोलला नाही, ते शेकडो अभिप्राय लिहिणारे शहाणे बोलले नाहीत, आणि बोलणार तरी कसे, हिने कुणाला विचारलं होतं?

नवऱ्याने पेपर खाली ठेवला होता. "उजव्या?" त्याने विचारलं.

"हो. आता तुम्हीही सुनावा. फसवलं म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा."

तो म्हणाला, "तू डाव्या कुशीवर झोपतेस."

"मग? डावा कान उशीत गेला की शांत वाटतं."

"मी कामाला होतो तो कारखाना बंद पडला, तेव्हा मी तुझ्याशी बोलायचो. दिवा मालवल्यावर. तोंडावर बोलायची लाज वाटायची. मला भीती वाटते, पुढचं मला जमणार नाही, असं काहीबाही. तू पाठ करून पडलेली असायचीस. मला वाटलं, हिला ऐकायचंच नाही. मग सोडून दिलं."

"हलवायचं ना मला," ती ओरडली. "माणूस माणसाला हलवतं. पाठीशी कसलं बोलत बसायचं?" तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या आईचा आला, जिच्याशी भांडायलाही आता ती नव्हती. तिने हेडफोन काढून टेबलावर टाकला, खुर्ची ओढत त्याच्यासमोर नेली आणि म्हणाली, "सांगा आता. ऐकतेय मी."

"आता नाही गं वाटत भीती," तो म्हणाला. "तेव्हा वाटायची."