डार्लाने ट्रकचा शृंगार उतरवला

डार्ला टिडवेलला नवऱ्याच्या पिकअपची किळस यायची. राग नव्हे, किळस. ताटात पाल पडल्यावर येते तशी. सकाळी दार उघडलं की अंगणात सहा इंच उचललेला तो लाल पिकअप दिसायचा आणि हातातली कॉफी कडू लागायची. टायर जवळजवळ कमरेएवढे. तोंडावर लोखंडी जाळी, टपावर दिव्यांची रांग, मागे पत्र्याची चकचकीत पेटी. आणि सगळ्यांत खाली, मागच्या आकड्याला, बैलाचे वृषण म्हणून लोंबणारे प्लास्टिकचे दोन गोळे. ते गोळे रॉइसने लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला आणले होते. "आपल्या दोघांसाठी," असं म्हणाला होता. डार्ला त्या दिवशी जेवली नाही.

या मुलखात बायकोला भेट म्हणून ट्रकचं सामान देणारा रॉइस काही एकटाच नव्हता. पण बाकीच्यांच्या ट्रकांना निदान काम नव्हतं. या ट्रकवर डार्लाचं पोट होतं. कॅपरॉक नावाच्या उंच कड्याखाली ज्यांची वीस-तीस गुरं असतात आणि ट्रेलर नसतो, अशा लोकांची वासरं आपल्या ट्रेलरमध्ये गोळा करायची आणि चढ चढून दर गुरुवारी होल्टच्या बाजारात लिलावाला पोचवायची, हे तिचं काम. एकोणीस वर्षं करत होती. रॉइस गुडघ्याचं निमित्त काढून शेजारच्या सीटवर बसून यायचा, लंगडत उतरायचा. बाजारात पोचला की कॉफीचा कप घेऊन कुंपणाला टेकायचा आणि चार टाळकी जमवून ट्रकची तारीफ करायचा.

त्या जुलैत ट्रकने मान टाकली. चढ लागला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गिअर वरखाली करत राहायचे आणि वेग सायकलीएवढा व्हायचा. ॲव्हरेज तर विचारू नका. गॅलनला सात मैल म्हणजे तेल ओतून रस्ता धुण्यासारखं. दोनदा लिलाव सुरू झाल्यावर ती पोचली... दोघं पोचले म्हणायला हवं, कारण रॉइसही होताच, ओझं म्हणून. एकशेपाच डिग्री फॅरेनहाइट उन्हात वासरं ट्रेलरमध्ये उभी राहिली, वजनं उतरली, मालकांनी शिव्या घातल्या. बाजाराचा मालक बक ओगल याने स्पष्ट सांगितलं, "सप्टेंबरात नवा करार आहे. त्याआधी आणखी एकदा उशीर झाला, तर फेरी दुसऱ्याला देणार."

यावर रॉइसने काय करावं? इंटरनेटवरून एक डबी मागवली. डॅशबोर्डखाली खोचायची, मग ती हिरवी लुकलुकते आणि तेल वाचतं म्हणे.

"बघ, इंजिनाशी बोलतेय ती," तो म्हणाला.

डार्लाने डबी उपसली आणि स्वयंपाकघरात सुरीने फोडली. आत एक दिवा आणि दोन वायरी. बाकी रिकामी. तिने ती तुकड्यांसकट त्याच्या ताटात, बिस्किटांच्या शेजारी ठेवली आणि ट्रेलर जोडलेला ट्रक घेऊन थेट एउसेबियो लुहानकडे गेली.

एउसेबियो सत्तरीचा मेकॅनिक. त्याने ट्रकभोवती एक फेरी मारली, ट्रेलरखाली वाकून पाहिलं, मग मागचे गोळे बुटाने हलवले आणि थुंकला.

"पोरी, हा ट्रक आहे का वरातीचा घोडा?"

"थट्टा पुरे. चढ चढेल का ते सांग. आणि माझ्याकडे पैसे नाहीत."

"पैसे लागणारच नाहीत फारसे. एवढाले टायर, आणि मागे गिअर तेच जुने, छोट्या टायरांचे. इंजिनाने ओढायचं तरी कसं? वरून फोर व्हील ड्राइव्हसुद्धा नाही. नुसता उंच! ट्रक उंच झाल्यामुळे ट्रेलरचं नाक वर जातं, वासरं मागे घसरतात, सगळा भार ट्रेलरच्या मागच्या चाकांवर. हे कोणत्या शहाण्याने केलं?"

डार्लाला नवऱ्याचं नाव घ्यायचीसुद्धा शिसारी आली होती.

तिसऱ्या दिवशी अंगणात काम सुरू झालं. एउसेबियोचा पाना आणि डार्लाचे हात. रॉइस सावलीत घडीच्या खुर्चीवर, आइस टीचा ग्लास पोटावर.

"अगं, ती जाळी नको काढूस! हरीण आडवं आलं तर?"

"जाळी लावल्यापासून अकरा वर्षांत किती आली?"

"एकही नाही. जाळी बघूनच येत नाहीत."

जाळी गेली. दिवे गेले. पेटी उघडली तर आत गंजलेल्या साखळ्या, फुटका जॅक, बिअरचे डबे आणि कधीतरी मेलेल्या उंदराचं वाळकं कातडं. डार्लाला ओकारी आली. हे सगळं ती वर्षानुवर्षं चढावर ओढत होती, तेल जाळून. पेटी रिकामी करताना तिने रॉइसकडे एकदा पाहिलं, तर तो बर्फ चघळत होता.

ट्रक उंच करणारे सुटे भाग आणि टायर त्याच आठवड्यात गावातल्या एका हौशी माणसाने उचलले. असली हौस इथे कधी वाया जात नाही. त्या पैशांत भंगारातून मागचा ॲक्सल आला, ओझं ओढायला योग्य गिअर असलेला. मापाचे टायर आले, जुनेच पण धड. गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवायला छोटी जाळीदार टाकी बसली. रॉइसच्या 'रेसिंग' फिल्टरचं तेल उडून इंजिनाची हवा मोजणारी तार चिकट झाली होती. ती फवारा मारून धुतली आणि साधा कागदी फिल्टर घातला. ट्रेलरच्या एका चाकाचा ब्रेक कायमचा घासत होता, तो सोडवला. गोळे डार्लाने स्वतः कापले. हातमोजे घालून.

"टक्कल केलंस माझ्या ट्रकचं," रॉइस म्हणाला.

पुढच्या गुरुवारी पंधरा वासरं भरली. कड्याच्या पायथ्याशी डार्लाने श्वास रोखला. ट्रकने एक गिअर उतरवला, तोच धरून ठेवला आणि ताशी पंचेचाळीस मैलांच्या वेगाने, कुरकुर न करता, वर चढला. गॅलनला अकरा मैल पडले. लिलावाला पाऊण तास बाकी असताना ती बाजारात होती. वासरं उतरली, तरतरीत, वजनाला भरलेली. डार्लाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती ट्रेलरमागे गेली.

परत आली तर बक ओगल रॉइसचा हात हातात घेऊन हलवत होता.

"शेवटी ट्रक नीट केलास, रॉइस! मी म्हणतच होतो, या माणसाला गाडीतलं कळतं. हा घे सप्टेंबरचा करार. कर सही, दरवर्षीसारखी."

कुंपणाला टेकलेली माणसं हसून माना हलवत होती. रॉइसने टोपी मागे सारली. "काही नाही रे, जरा गिअर बदलले," तो म्हणाला आणि पेन मागितलं.

डार्लाला जे वाटलं ते पेटीतल्या उंदराच्या वेळीही वाटलं नव्हतं. एक शब्द, फक्त 'डार्लाने' एवढा एक शब्द, या माणसाच्या तोंडून निघत नव्हता. तिने खिशातून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"सही मग कर. आधी ट्रेलर धुवायला लाव. तिकडे, दोन खांबांच्या मधे. मागे घे."

"अगं, माझा गुडघा..."

"डावा गुडघा. गाडी ऑटोमॅटिक आहे, क्लच नाही."

आता सगळे बघत होते. ट्रेलर मागे घेता न येणारा पुरुष इथे मान वर करून फिरत नाही. रॉइस चढला. ट्रेलर डावीकडे जायला हवा होता, तो उजवीकडे गेला. पुढे घेतला, पुन्हा मागे, खांबाला धडकला. तिसऱ्यांदा ट्रक आणि ट्रेलर काटकोनात अडकले, शेणाच्या चिखलात, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवले. कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

रॉइस उतरला, किल्ली बॉनेटवर ठेवली आणि कॉफीच्या खोलीकडे चालू लागला. जाताना लंगडायचं विसरला.

डार्लाने ट्रक थोडा पुढे घेतला आणि एका दमात ट्रेलर खांबांमधे नेऊन उभा केला. खाली उतरली तेव्हा बकने करारावरचं नाव खोडून तिचं लिहिलं होतं. त्याचे कान लाल झाले होते.

"आधी सांगायचंस ना, डार्ला."

"एकोणीस वर्षं दर गुरुवारी तुझ्या डोळ्यांसमोर मागे घेतेय, बक. आणखी कसं सांगायचं असतं?"

तिने सही केली, पेन त्याच्या खिशात खोचलं आणि शेण धुवायला पाण्याची नळी उचलली.