तारखेला हजर

आमच्या जामीन मदत कक्षात कपाट एकच. त्यात कागदच मावत नाहीत, तर किस्से कुठून मावणार? म्हणून ते असे सांगून मोकळं व्हावं लागतं.

मी एसटीतला रिटायर्ड कंट्रोलर. उभी नोकरी गाड्या वेळेवर सोडण्यात गेली, आता माणसं वेळेवर कोर्टात पोचवतो. खटला चालू व्हायच्या आधीच गरीब माणूस बीडच्या जेलमध्ये अडकून पडतो, कारण त्याला जामीन राहायला कुणी नसतं. आमच्या वकील मॅडम त्याचं घरदार बघून कोर्टात अहवाल देतात, तो स्वतःच्या हमीवर सुटतो, आणि दर तारखेला त्याला हजर ठेवणं हे माझं काम. खोली, फोन, मानधन सगळं आमच्या नगरपंचायतीच्या निधीतून. अभिमान वाटतो, का वाटू नये?

निधी मात्र वर्षापुरता. ठराव एका मतानं पास झाला, आणि ते मत नगरसेवक नानांचं. त्यांनी सभेतच बजावलं होतं, "एक गडी जरी गैरहजर राहिला, तर पुढच्या साली माझा हात वर व्हनार न्हाई."

*

पहिले सुटले दगडूमामा. तारीख सोमवारची, मामा शुक्रवारीच भाकरी बांधून हजर! इतक्या लवकर का आलात, विचारलं तर म्हणाले, चुकामूक नको. तीन दिवस कक्षाच्या ओट्यावर मुक्काम ठोकला. सोमवारी तेच बाकीच्यांना कोर्टाची खोली दाखवत होते.

*

शाकीरकडे मोबाइल नाही. त्यानं नंबर दिला बसलिंगअप्पांच्या किराणा दुकानाचा. आदल्या दिवशी मी तिथं फोन केला, अप्पांनी दिवसभर साखर बांधता बांधता प्रत्येक गिऱ्हाइकाला निरोप दिला. सकाळी शाकीरला उठवायला अर्धी गल्ली त्याच्या दारात.

कोर्टात आला तेव्हा बिचारा गहिवरलेला. म्हणाला, "सायेब, जेलात व्हतो तवा यातल्या एकानंबी माझी आठवन काढली न्हवती."

*

शेळीचोरीच्या एका केसमध्ये मॅडम चौकशीला गावात गेल्या. आरोपी पळून जाईल का, असं त्यांनी फिर्यादीलाच विचारलं. तो म्हणाला, "शेळी त्यानंच नेली मॅडम, पन पळायचा न्हाई. त्याची म्हातारी आमच्याच घरी जेवती."

मॅडमनी वाक्य जसंच्या तसं अहवालात लिहिलं. न्यायाधीश साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि सोडण्याचा हुकूम दिला.

*

वर्षातली शेवटची तारीख किसनची. किसन कोर्टाच्या परवानगीनं बायकोसोबत ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला. आठ दिवसांवर पुढच्या सालच्या निधीच्या ठरावाची सभा. दोन दिवस त्याचा फोन बंद. मी दर तासाला नंबर फिरवत होतो, खरं सांगतो.

त्या दिवशी नाना स्वतः कोर्टाच्या गेटवर येऊन उभे राहिले, घड्याळ बघत. मला म्हणाले, ऊसतोडीला गेलेला माणूस तारखेला आलेला त्यांनी आजवर बघितला नाही. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

अकराच्या सुमारास फाट्याकडून एक माणूस पळत येताना दिसला. अंगभर पाचटाची धूळ, पायात चप्पल एकच. किसन! फडातून थेट गाडी धरलेली, त्यामुळे हातात कोयताही तसाच.

गेटवरच्या पोलिसानं अर्थातच अडवलं. कोयता घेऊन कोर्टात कसं सोडणार? तेवढ्यात आत शिपायानं किसनच्या नावाचा पुकारा केला. किसननं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. जवळ पांढऱ्या कपड्यातला एक माणूस उभा होता, तो कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. "धरा दादा जरा," म्हणत त्यानं कोयता नानांच्या हातात कोंबला आणि आत धावला.

मी त्याच्यामागं दारापर्यंत गेलो. आतून आवाज आला, "हजर हाय, सायेब."

परत गेटवर आलो तर नाना उन्हात तसेच उभे, कोयता दोन्ही हातांनी धरलेला. पोलीस विचारत होता, हा कोयता कुणाचा?

"आपल्या मानसाचा हाय," नाना म्हणाले. "तारखेला आलाय."