एका नखाचे काय घ्यायचे?

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. कारण सोपं आहे. गिऱ्हाईकाचा एक हात माझ्या हातात असतो आणि दुसरा लॅम्पखाली. मोबाइल धरणार कशाने? मग बाई बोलायला लागते. नवरा, सासू, सोसायटीचं पाणी, ऑफिसमधली ती मैत्रीण जी खरं तर मैत्रीण नाहीये... सगळं बाहेर येतं!

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमध्ये आमचा छोटासा नेल स्टुडिओ आहे. दोन टेबलं, चार खुर्च्या, एक कुरकुरणारा एसी. मी आणि हेमल पार्टनर. मी रत्नागिरीकडची, ती गुजराती जैन, आपसात आम्ही हिंदी बोलतो. बाकी सगळं छान जमतं, फक्त एका गोष्टीवरून कायम वाद. नेहमीच्या गिऱ्हाईकाचं एखादं नख तुटलं, तर रिपेअरचे पैसे घ्यायचे की नाही?

हेमल म्हणते, "रिपेअर भी तो काम है ना! मटेरियल लगता है, टाइम लगता है."

मी म्हणते, अगं, जी बाई वर्षानुवर्षं दुसरीकडे कुठे जात नाही, तिच्याकडे एका नखाचे काय मागायचे? माझी तर जीभच उचलत नाही.

*

प्रज्ञा मॅडम घरी ट्यूशन घेतात. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख टिकतच नाही. बाकीची नऊ ठणठणीत, आणि हे एक सदानकदा मोडलेलं. मी दरवेळी फुकट लावून द्यायचे आणि हेमल दरवेळी माझ्याकडे बघायची.

शेवटी मी विचारलंच, "मॅडम, या बोटाने तुम्ही नेमकं करता काय?"

"अगं, पोरं गप्प बसत नाहीत. मग टेबलावर ठकठक करावं लागतं."

"तो छडी रखो ना, मॅडम!" हेमल पलीकडून म्हणाली.

मॅडम दचकल्या. "छडी? आता नुसते डोळे वटारले तरी पालक भांडायला येतात! त्यापेक्षा नख परवडतं."

"परवडेगा ही," हेमल माझ्या कानाशी लागली, "फ्री में है!"

*

याच्या बरोब्बर उलट नीलिमाताई. बँकेत आहेत. त्यांचं नख पहिल्यांदा तुटलं तेव्हा मी दुरुस्त करून दिलं आणि म्हटलं, "राहू द्या ताई, पैसे नकोत."

ताई भडकल्याच. "का नकोत?"

"तुम्ही नेहमीच्या ना..."

"हे बघ, पैसे घे गं बाई! तू फुकट केलंस की मला गप्प बसावं लागतं. मागच्या वेळी तू मुळापाशी जेल इतकं जाड लावलं होतंस, त्याबद्दल मला बोलायचंय!"

मी पैसे घेतले. मग त्या मनसोक्त बोलल्या. मी बिचारीने मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि जाताना इतक्या खूश होत्या म्हणून सांगू! पुढची अपॉइंटमेंटही घेऊन गेल्या.

*

एका सोमवारी हेमलने मला न विचारता भिंतीवर बोर्डच लावला. नख लावल्यापासून पहिले सात दिवस रिपेअर फ्री, त्यानंतर चार्ज. खाली लाल अक्षरांत 'नो एक्सेप्शन'.

आणि पहिलं नख तुटावं कोणाचं? तिच्या सासूबाईंचं! कुकरचं झाकण काढताना गेलं म्हणे. सासूबाई आल्या, बसल्या, चष्मा लावून बोर्ड वाचला, बोटांवर दिवस मोजले आणि शांतपणे सुनेकडे बघितलं. मी टेबलाखालून हेमलच्या पायावर पाय दिला. पण ही कसली ऐकतेय!

"मम्मीजी, रूल सबके लिए सेम है."

"बराबर छे," सासूबाई म्हणाल्या. हसतमुखाने पैसे ठेवले आणि गेल्या. हेमलने दिवसभर मला पिडलं, "देखा? बोलने की हिम्मत चाहिए!"

आता, हेमलची मुलगी दिवसभर सासूबाईच सांभाळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमल पर्स घेऊन निघाली, तर सासूबाई पोरीला कडेवर घेऊन दारात उभ्या.

"सात दिवस तो क्यारना थई गया," त्या गोड आवाजात म्हणाल्या, म्हणजे सात दिवस केव्हाच उलटले. "आजथी चार्ज!"

बोर्ड अजून भिंतीवर आहे. 'नो एक्सेप्शन'वर मात्र हेमलने स्वतः फुलाचं स्टिकर चिकटवलंय.

*

एकदा दुपारी मीरा रोडहून एक काका आले. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईकाचे मिस्टर. आजूबाजूला बायकाच बायका, त्यामुळे बिचारे आधीच घामाघूम. खिशातून त्यांनी टिश्यूची पुडी काढली, अगदी जपून उघडली आणि माझ्यापुढे धरली. आत एक गुलाबी नख!

"हिचं तुटलंय. तेवढं जोडून द्या. मी थांबतो."

मी नखाकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "काका, पण बोट कुठाय?"

"बोट ऑफिसला गेलंय ना!"

*

राई गावच्या द्रौपदीमावशी मार्केटला मासे विकायला बसतात. मुलाच्या हळदीला म्हणून हौसेने नखं लावून घेतली, ती इतकी आवडली की सोडेचनात. पण मासे साफ करायचे म्हणजे नखं किती टिकणार? दर थोड्या दिवसांनी एखादं गेलेलं. मी पैसे घेत नाही म्हटल्यावर मावशींनी पिशवी टेबलावर ठेवली.

"पैसं न्हाय घेत ना? मंग ह्ये घे."

पिशवीत ताजे बोंबील! मी हरखलेच. पण एसीची बंद खोली, बोंबील, वर नेलपॉलिश रिमूव्हर. तो वास मला शब्दांत सांगता येणार नाही. हेमल नाकाला ओढणी लावून बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिथून दोन्ही हात जोडून मला म्हणाली, "स्वप्ना, तू सबका फ्री कर, मैं कुछ नहीं बोलूंगी. बस इनसे चार्ज ले!"

पुढच्या वेळी मी मन घट्ट करून मावशींना पैसे सांगितले. मावशींनी चटकन काढून दिले, काही तक्रार नाही. हेमलने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात मावशींनी पिशवी पुढे केली.

"पैसं नखाचं झालं. ह्यं तुज्यासाठी."

हेमल दाराकडे पळणार, तोच त्यांनी दुसरी पिशवी काढली. "तू कुठं चाललीस गं? तुज्यासाठी भेंडी हाय. आमच्या वाडीतली. तू मासं खात न्हाय, मना ठाव हाय."

आता हेमल त्या भेंडीची वाट बघते. मावशी आल्या की त्यांच्याकडून पैसे घ्यायचे की नाहीत, या विषयावर ती हल्ली काहीच बोलत नाही.

*

आणि ही मृण्मयीच्या लग्नाची गोष्ट. मृण्मयी आमच्याकडे पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी आली होती, तेव्हापासूनची. लग्नाची नखं मीच केली. मनापासून केली, प्रत्येकावर बारीक मोती.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिच्या आईचा फोन. आवाज रडका. "स्वप्ना, चुड्याच्या वेळी नख उलटं फिरलं गं. अर्धं तुटलंय, अर्धं लटकतंय. शालूत अडकतं आणि पोरगी कळवळते!"

मी पेटी उचलली आणि रिक्षा पकडली. मागून हेमल ओरडली, "इमर्जन्सी व्हिजिट है, चार्ज लेना!"

हॉल भाईंदर पश्चिमेला. ट्रॅफिकमध्ये रिक्षा हलेना. पोचले तेव्हा अंतरपाट धरलेला आणि मंगलाष्टकं सुरू! मृण्मयी हार घेऊन उभी, डोळ्यांत पाणी. लोकांना वाटत होतं माहेर सुटतंय म्हणून. मी बघितलं, तर हाराचा दोरा त्या तुटक्या नखात अडकलेला.

मी काही विचार केला नाही. वाकून गर्दीतून स्टेजवर गेले आणि अंतरपाटाच्या मागे तिच्या पायाशी बसले. मामांनी हार धरला, मी हात धरला. दोरा सोडवला, तुटका भाग कापला, नवी टिप बसवली. वर अक्षता पडतायत, त्यातल्या दोन जेलला चिकटल्या, त्या काढल्या. मग जेल वाळवायचा छोटा लॅम्प काढला. निळा उजेड अंतरपाटाच्या खालून पलीकडे गेला असणार, कारण नवरदेवाचा आवाज आला, "मृण्मयी, काय करतेयस?"

"थांब जरा!" ही म्हणाली.

गुरुजींनी खाली बघितलं. शेवटचं कडवं झालं होतं आणि मला अजून एक मिनिट हवं होतं. मी नुसतं एक बोट वर केलं. गुरुजींनी शांतपणे माइक मुलाकडच्यांच्या दिशेने वळवला. "आणखी कोणाला म्हणायचं आहे का?"

मुलाची आत्या तयारच होती! तिने स्वतः रचलेलं मंगलाष्टक काढलं. त्यात दोन्हीकडच्या सगळ्या काका-मामांची नावं, शिवाय कुत्र्याचंही. ती सावकाश, गोड गळ्यात गात राहिली आणि माझं नख सावकाश, छान वाळलं. वर एक मोतीही लावून झाला!

अंतरपाट दूर झाला. मृण्मयीने हार घातला. कुठे काही अडकलं नाही, आणि पोरगी अशी हसली की मला तिथेच रडू आलं.

नंतर तिचे बाबा पाकीट घेऊन माझ्याकडे आले. मी मागे सरले. "नको हो काका, आपल्या मृण्मयीचं काय घ्यायचं? इतकी जुनी आहे ती आमच्याकडे."

शेजारी गुरुजी आपली पिशवी आवरत होते. "जुनी म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या नोकरीपासूनची."

"मी हिचं बारसं केलंय," गुरुजी म्हणाले. "हिच्या आईबाबांचं लग्नही मीच लावलं." मग त्यांनी काकांच्या हातातलं ते पाकीट घेतलं, माझ्या पेटीवर ठेवलं, आणि स्वतःचा हात काकांपुढे पसरला. "हं यजमान, आता माझं?"