शरोफबोबोंनी रोखून धरलेली दुआ

आमच्या ताजिकिस्तानातल्या खुजंदमध्ये जेवण असो की सभा, शेवटी वडीलधाऱ्यांनी हात वर करून दुआ दिल्याशिवाय कुणी उठत नाही. महल्ल्यात हा मान शरोफबोबोंचा, म्हणजे शरोफआजोबांचा. तीस वर्षं त्यांनी सिरदर्या नदीवर होडी चालवली. आता ऐंशी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी सकाळी नदीत पाय बुडवल्याशिवाय या माणसाच्या घशाखाली चहा उतरत नाही. खरं सांगायचं तर दुआ देण्यापेक्षा लोकांच्या चुका काढण्यातच ते जास्त तरबेज.

नदीकाठ नव्याने बांधायचं ठरलं, तेव्हा लोकांचं मत विचारायला चायखान्यात सभा भरली. बहरोम नावाचा तरुण इंजिनिअर नकाशा उलगडून तासभर बोलला. टिकाऊ विकास, हिरवा काठ, पुढच्या पिढ्या. तेवढ्यात बाहेरच्या कढईतून पुलावाचा वास आत आला आणि पुढच्या पिढ्यांमधला आमचा रस संपला. सभा आटपून आता वाढून घ्यावं म्हणून बोबोंनी दुआसाठी हात वर केले. पाठोपाठ आम्हा साठ जणांचे. बहरोम नेमका तेव्हाच वहीत डोकं घालून म्हणत होता, "आराखडा मान्य असेल त्यांनी हात वर करा." त्याने मान वर केली, हात मोजले आणि 'एकमताने मंजूर' लिहून टाकलं. आम्ही बावळटांनी वर 'आमीन'ही म्हटलं.

पुलाव खाता खाता बोबोंची नजर नकाशावर गेली.

"पोरा, पाण्यात उतरायची वाट कुठाय रे?"

"वाट नाही, बोबो. चार मीटरची भिंत आणि वर फिरायला रस्ता. तिथून नदी बघायची."

"बघायची? नदी काय टीव्ही आहे?"

"पण तुम्हीच मंजूर केलंत! सगळ्यांत आधी तुमचेच हात वर गेले."

बोबोंचा घास हातातच राहिला. सनोबरमावशी कडाडली, "घ्या! गालिचे धुवायचा आमचा काठ एका पुलावात घालवलात!"

ताटं उचलली गेली, सगळे दुआची वाट बघत बसले. बोबोंनी चहा मागवला.

दोन वाजले. बोबो एका जुन्या पुराची गोष्ट सांगत होते. तीन वाजले, पूर काही ओसरेना. बहरोमचा फोन सारखा वाजत होता.

"बोबो, दुआ द्या ना! साहेब ओरडतायत."

"ओरडू देत. चहा घे."

उठून जायची त्याची काय बिशाद! दुआ सोडून आला असं कळतं, तर आजीनेच त्याला घरात घेतलं नसतं. सनोबरमावशीचा जीव घरच्या चुलीत अडकला होता, पण बोबोंचा डाव ध्यानात येताच तिनेही बहरोमपुढे पेला धरला. "मलाही ओत. बोबो, त्या पुरात म्हैस कुणाची वाहून गेली?"

चार वाजता बहरोमने हात टेकले आणि पेन्सिल काढली. भिंतीतून खाली सात पायऱ्या आखल्या.

"सात? ऑगस्टात वरचं पाणी कापसाला जातं, तेव्हा नदी किती खाली जाते माहितेय? सातव्या पायरीवर उभा राहून काय करू, थुंकू?"

खाडाखोड झाली. चौदा पायऱ्या झाल्या. खाली सही झाली. मग बोबोंनी हात वर केले आणि दुआत बहरोमला चांगली बायको आणि त्याच्या साहेबाला थोडा धीर मागितला. 'आमीन' कधी नव्हे इतकं मोठ्याने झालं.

सगळे भराभर उठले. बोबो मात्र उठेनात. इतका वेळ मांडी घालून त्यांचे पाय पार बधिर झाले होते. बहरोमने हात दिला. बोबो त्याचं मनगट धरून कसेबसे उभे राहिले, दोन पावलं चालले आणि थांबले. मनगट काही सोडेनात.

"चौदा पायऱ्या, पोरा," ते हळूच म्हणाले. "उतरताना मी धरू कशाला?"

बहरोमने फोन बंद केला, पुन्हा खाली बसला आणि कठडा आखायला घेतला.